कंबर बरी होते आणि पुन्हा धरते : घरी काय तपासायचं, कुठे थांबायचं

लक्षणं

तक्रार बहुतेक वेळा अशी सुरू होते. सकाळी तोंड धुवायला बेसिनवर वाकलात, किंवा गोठ्यात शेणाची पाटी उचलायला हात घातलात, आणि कमरेत चमक भरली. वजन फार नव्हतंच. पण त्या क्षणी सरळ होता येत नाही, भिंत धरत धरत खाट गाठावी लागते. पहिले दोन-तीन दिवस कूस बदलतानासुद्धा जीव जातो. खोकला किंवा शिंक आली की कळ. आरशात पाहिलं तर धड एका अंगाला कललेलं दिसतं. मग शेक, गोळी, पट्टा, आणि आठ-दहा दिवसांत माणूस कामाला लागतो. काही महिन्यांनी पुन्हा तेच. पुढे पुढे दोन दुखण्यांमधलं अंतर कमी होत जातं.

याच तक्रारीची आणखी दोन रूपं आहेत. एकात कळ कमरेत थांबत नाही. कुल्ल्यातून मांडीच्या मागून पोटरीत, पुढे पावलापर्यंत उतरते, बसलं की वाढते, पायाला मुंग्या येतात. याला सगळे सायटिका म्हणतात. दुसरं रूप साठीच्या पुढच्या माणसांत दिसतं. कंबर फारशी दुखत नाही, पण थोडं चाललं की दोन्ही पाय भरून येतात, जड होतात. कट्ट्यावर बसलं किंवा पुढे वाकून उभं राहिलं की दोन-चार मिनिटांत मोकळे. असे काका सायकलवर आरामात शेतावर जातात, पण चालत देवळापर्यंत पोचत नाहीत.

मी सांगलीत फिजिओथेरपिस्ट आहे. तासगाव-कवठेमहांकाळकडचे द्राक्षबागायतदार, वाळव्याकडचे ऊसवाले, मार्केट यार्डात हळदीची पोती वाहणारे हमाल, ट्रॅक्टरचे चालक, दिवसभर खुर्चीत बसणारे लोक, सगळे हेच दुखणं घेऊन येतात. इतक्या कमरा पाहून माझं मत पक्कं झालं आहे. कंबर पुन्हा पुन्हा धरते त्याचं कारण ज्या दिवशी चमक भरली त्या दिवसात क्वचितच सापडतं. ते दोन दुखण्यांच्या मधल्या बऱ्या दिवसांत असतं, आणि त्या दिवसांकडे कुणी बघत नाही. कंबर दुखायची थांबली म्हणजे ताकदीला परत आली, असं धरलं जातं.

आत काय आहे

कमरेत पाच मणके. त्यांच्या खाली त्रिकास्थी आणि तिच्या टोकाला माकडहाड. दर दोन मणक्यांमध्ये एक गादी, जिच्या मध्यात पाणीदार मऊ गर आणि भोवती चिवट तंतूंची एकावर एक कडी असतात. मागच्या बाजूला उजवा-डावा असे दोन लहान सांधे. मज्जारज्जू कमरेच्या पहिल्या-दुसऱ्या मणक्यापाशीच संपतो. त्याखाली नसांचा नुसता झुबका उतरतो, आणि त्यातल्याच काही नसा पायांना, लघवीच्या पिशवीला आणि शौचाच्या जागेला जातात. हे ध्यानात ठेवा, पहिली तपासणी यावरच आहे.

गाद्यांचे बहुतेक बिघाड सगळ्यांत खालच्या दोन गाद्यांत होतात, म्हणजे चौथ्या-पाचव्या मणक्यामधली आणि पाचव्याच्या खालची. वरच्या धडाचा भार तिथे येऊन पडतो आणि वाकणंही तिथेच जास्त होतं. मोठ्या माणसाच्या गादीला स्वतःचा रक्तपुरवठा जवळजवळ नसतो. स्पंज दाबून सोडल्यावर जसं पाणी शोषतो, तशी गादी हालचालीतून आणि कमी-जास्त होणाऱ्या दाबातून आपलं पोषण खेचते. रात्रभर आडवं राहिल्यावर ती पाण्याने फुगते, दिवसभरात पुन्हा बसते. आपण संध्याकाळपेक्षा सकाळी सेंटिमीटर-दीड सेंटिमीटर उंच असतो ते यामुळे.

आणखी एक. कंबरदुखीच्या शंभरातल्या ८५ ते ९० जणांत अमुक एका जागेवर बोट ठेवता येत नाही. स्नायू, सांधे, गादीची बाहेरची कडी, सगळंच थोडंथोडं चिडलेलं असतं. दुखणं खरं असतं, पण धोक्याचं नसतं. उरलेल्या थोड्या जणांना वेळेत ओळखणं हे पहिलं काम.

पहिली तपासणी : प्रश्न. खर्च नाही, दोन मिनिटं

लघवी नेहमीसारखी होते का? भरल्यासारखं वाटतं पण सुटत नाही, किंवा कळायच्या आत होते, असं काही? शौचावरचा ताबा? सायकलच्या सीटवर जो भाग टेकतो तिथे, म्हणजे मांड्यांच्या आतल्या बाजूला आणि गुदद्वाराभोवती, बधिर लागतं का? धुताना स्पर्श कळतो का? दोन्ही पाय एकदम लुळे पडू लागलेत का? यातल्या एकाही उत्तरात बिघाड दिसला तर हा लेख इथेच ठेवा आणि त्याच दिवशी, रात्र असली तरी, मणक्याचे सर्जन आणि एमआरआयची सोय असलेल्या रुग्णालयात जा. मिरज जवळ आहे. जाता येत नसेल तर १०८ ला फोन करा. गादीचा मोठा तुकडा त्या नसांच्या झुबक्यावर दाबला गेला की अशी लक्षणं येतात. दाब लवकर काढला नाही तर लघवीचा ताबा कायमचा जाऊ शकतो. बायका हे प्रश्न विचारल्यावर संकोचाने मान हलवतात आणि विषय बदलतात, म्हणून मी ते दोनदा विचारते. घरी सासूबाईंना किंवा आईला विचारणार असाल तर तुम्हीही दोनदा विचारा.

पुढचे प्रश्न थोडे सावकाशीचे, पण टाळायचे नाहीत. ताप येतो का, विशेषतः संध्याकाळचा? वजन आपोआप उतरतंय का? रात्री आडवं पडल्यावरही दुखणं जागचं हलत नाही, उलट वाढतं, असं आहे का? आपल्याकडे मणक्याचा क्षयरोग अजून दिसतो आणि तो कित्येक महिने साध्या कंबरदुखीच्या वेषात फिरतो. ज्यांच्या घरी जनावरं आहेत, वासरू गाभडलेल्या गाईची वार हाताने काढली आहे किंवा कच्चं दूध पिण्यात आहे, त्यांनी ते डॉक्टरांना आवर्जून सांगावं. जनावरांकडून येणारा ब्रुसेलोसिस हा आजार ताप, घाम आणि कंबरदुखी घेऊन येतो. विचारल्याशिवाय त्याचा संशय येत नाही, आणि रक्त तपासल्याशिवाय तो कळत नाही. आधी कधी कर्करोग झालेला असेल, दम्यासाठी किंवा सांध्यांसाठी स्टेरॉइड बराच काळ चालू असेल, किंवा म्हातारं माणूस न्हाणीत नुसतं घसरून बसल्यापासून कंबर दुखत असेल, तर घरगुती उपाय नकोत. आधी डॉक्टर.

पंचविशी-तिशीतल्या मुलाला पहाटे दुखण्याने जाग येते, उठल्यावर अर्धा-पाऊण तास अंग आखडलेलं, आणि काम सुरू केलं की बरं वाटतं? तीन महिन्यांहून जास्त असं चाललं असेल तर हा संधिवाताचा प्रकार असू शकतो. त्याला विश्रांतीने आराम पडत नाही, व्यायामाने पडतो. संधिवाताच्या डॉक्टरांकडे जा. वर्षानुवर्षं 'गादी' म्हणून शेकत बसलेली अशी तरुण मुलं पाहिली की वाईट वाटतं.

मुतखडाही इथेच वेगळा काढता येतो. कंबर धरलेला माणूस हलायला घाबरतो. खड्याच्या कळेत माणूस एका जागी बसू शकत नाही, येरझाऱ्या घालतो, आणि कळ बरगडीखालून जांघेकडे जाते.

दुसरी तपासणी : पायाची ताकद

यासाठी दाराची चौकट पुरते. चौकटीला बोटं टेकवून एका पायावर उभं राहा आणि टाच उचलून चवड्यावर या, दहा वेळा. मग दुसऱ्या पायावर. एका पायावर दहा वेळा जमतं आणि दुसऱ्यावर तिसऱ्यालाच टाच उचलत नाही, तर त्या पायाच्या पोटरीला ताकद देणारी नस दबलेली असण्याची शक्यता आहे. आता टाचांवर चाला, चवडे हवेत. एका पायाचा चवडा खाली पडतो का? खाटेवर बसून दोन्ही पायांचे अंगठे वर ओढा आणि घरच्या कुणाला तरी ते खाली दाबायला सांगा. एक अंगठा लगेच हार मानत असेल तर पाचव्या मणक्याच्या नसेकडे बोट जातं. तीच नस पावलाच्या वरच्या भागाची संवेदना सांभाळते. करंगळीच्या बाजूची बधिरता मात्र तिच्या खालच्या नसेची.

हे बघणं दुखण्याच्या मोजमापापेक्षा महत्त्वाचं, कारण दुखणं आणि ताकद एकमेकांच्या हातात हात घालून चालत नाहीत. एक बागायतदार आले होते. "मॅडम, आता दुखायचं थांबलंय, फक्त चप्पल पायातनं निसटतीय," असं म्हणाले आणि बरं वाटतंय म्हणून आनंदात होते. टाचेवर चालायला सांगितलं तर उजवं पाऊल फरशीवर थपकन पडत होतं. दुखणं कमी होत असताना पाय लुळा पडत असेल तर ती सुधारणा समजू नका. ताकद कमी झालेली आढळली तर दोन-तीन दिवसांच्या आत मणक्याच्या डॉक्टरांना दाखवा. दिवसागणिक आणखी कमी होत असेल तर त्याच दिवशी.

ताकद शाबूत असेल तर उताणे झोपा आणि कुणाला तरी तुमचा सरळ पाय, गुडघा न वाकवता, हळूहळू उचलायला सांगा. निम्म्या उंचीच्या आसपास येईपर्यंत गुडघ्याच्या खाली कळ उतरली तर नस चिडली आहे. मांडीच्या मागे नुसता ताण आला तर तो स्नायूंचा, तो बहुतेकांना येतो.

तिसरी तपासणी : कुठल्या दिशेने दुखतं

माझ्या मते सगळ्यांत उपयोगाची आणि सगळ्यांत कमी केली जाणारी तपासणी ही. उपाय त्यावर ठरतो. एकाचा व्यायाम दुसऱ्याने उचलला आणि कंबर आणखी बिघडली, हे ती न केल्यामुळेच होतं.

द्राक्षबागेत मांडवाखाली थिनिंगला, म्हणजे घडातले जादा मणी काढायला, लागलेल्या बाईकडे पाहा. हात डोक्याच्या वर, मान मागे, नजर घडाकडे, आणि कमरेचा बाक मागे मोडलेला. असं तासन्‌तास. या बायकांची कंबर उभं राहून आणि मागे झुकून दुखते, खाली बसलं की बरं वाटतं. मागचे छोटे सांधे एकमेकांवर दाबले जातात म्हणून. आता भांगलणीला किंवा हळद काढणीला बसलेली, उसाच्या लावणीत वाकलेली बाई बघा. तिचं उलट. वाकून, बसून दुखतं, उभं राहून चाललं की हलकं वाटतं. इथे ताण गादीच्या मागच्या कडीवर आहे. दोघी सांगतात तेच, 'कंबर दुखतीय'. दोघींना एकच कागद छापून दिला तर एकीचं नुकसान ठरलेलं.

घरी असं तपासा. सरळ उभे राहा. हळूहळू पुढे वाका, पाच-सहा वेळा, आणि पाहा की दुखणं वाढलं की कमी झालं, आणि मुख्य म्हणजे कुठे सरकलं. दोन मिनिटं थांबा. मग हात कमरेवर ठेवून मागे झुका, तेवढ्याच वेळा.

पुढे वाकून वाढत असेल तर पालथे झोपा. तळहात खांद्यांच्या बाजूला. कंबर आणि कुल्ले अगदी सैल सोडून फक्त हातांच्या जोरावर छाती उचला, कोपरं जमतील तेवढी सरळ करा, पुन्हा खाली. दहा वेळा. भुजंगासनासारखं दिसतं, पण इथे पाठीचे स्नायू वापरायचे नाहीत. दिवसातून चार-पाच वेळा करा. पायातली कळ वर सरकून पोटरीतून मांडीत, मांडीतून कुल्ल्यात आली तर दिशा बरोबर आहे, मग त्या वेळी कंबर थोडी जास्त दुखली तरी चालेल. लोक इथेच घाबरून सोडून देतात. उलट कळ पावलाकडे उतरू लागली, मुंग्या वाढल्या, तर ताबडतोब थांबा. तो व्यायाम तुमचा नाही.

मागे झुकून वाढत असेल तर उताणे झोपून एकेक गुडघा छातीकडे घ्या, मग दोन्ही. आणि बागेत एक रिकामं क्रेट पायाशी ठेवा. एक पाय त्यावर ठेवून उभं राहिलं की कमरेचा बाक कमी होतो. पाय आलटूनपालटून बदला. साठीपुढच्या, चालताना पाय भरणाऱ्या काका-मावशींनाही पुढे वाकण्याचीच दिशा मानवते. नसांचा मार्ग अरुंद झालेला असतो, तो वाकल्यावर जरा मोकळा होतो.

दोन्ही दिशांनी सारखंच दुखत असेल, किंवा आज ही आणि उद्या ती, तर स्वतः प्रयोग वाढवू नका. जवळच्या फिजिओथेरपिस्टकडून एकदा दिशा ठरवून घ्या.

चौथी तपासणी : दिवस

दोन दिवस एका कागदावर लिहा, किती वाजता उठलात, पहिल्या तासात काय केलंत, किती वेळ सलग बसलात, काय उचललंत. बहुतेकांना कारण आपोआप दिसतं.

पहिला तास सगळ्यांत नाजूक. गादी पाण्याने टम्म असते, वाकल्यावर तिच्या कडीवर ताण जास्त येतो. आणि आपल्याकडे उठल्या उठल्या काय होतं? गोठा झाडणं, शेण भरणं, धारेला बसणं, वैरण टाकणं. माझं सांगणं एवढंच असतं की आधी पाऊण-एक तास उभ्याची कामं करा, चहा, झाडांना पाणी, फेरी. मग गोठा. धार काढायची वेळ हलवता येत नसेल तर निदान उकिडवं बसण्याऐवजी बुटकं स्टूल घ्या आणि शेण भरायचं काम दुसऱ्या कुणाकडे द्या. तोंड धुताना एक हात बेसिनवर टेका.

उचलण्याबद्दल 'गुडघ्यात वाका' एवढंच सगळे सांगतात. अंतराची गोष्ट राहून जाते. १९९९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोजणीत एका निरोगी स्वयंसेवकाच्या चौथ्या-पाचव्या मणक्यामधल्या गादीत दाब मोजणारा सेन्सर बसवला होता. नुसतं उभं असताना दाब ०.५ मेगापास्कल. २० किलो वजन अंगाशी धरलं तेव्हा १.१. तेच वजन छातीपासून ६० सेंटिमीटर लांब धरलं तेव्हा १.८. आणि पाठ गोल करून जमिनीवरून उचललं तेव्हा २.३, म्हणजे उभं राहण्याच्या चौपटीहून जास्त. दुधाचा कॅन, द्राक्षाचं क्रेट, पोतं, काहीही असो, आधी ओढून पोटाशी घ्या, मग उठा. वळायचं असेल तर पाऊल टाकून वळा, कंबर पिळू नका.

फवारणीच्या पाठीवरच्या पंपात १६ लिटर पाणी म्हणजे १६ किलो, वर पंपाचं वजन. तो जमिनीवर भरून एका झटक्यात खांद्यावर फिरवणं, ही चमक भरण्याची हमखास जागा. ट्रॉलीच्या फळीवर किंवा बांधावर ठेवून भरा, पाठ टेकवून पट्टे अडकवा, मग उभे राहा. ट्रॅक्टरवाल्यांसाठी आणखी एक. तास-दोन तास हादरे खाऊन उतरलं की लगेच पोत्याला हात घालायचा नाही. आधी दहा मिनिटं चाला, दोन-चार वेळा मागे झुका. खराब रस्त्यावरून मोटरसायकल दामटणाऱ्यांनाही तेच. मागच्या खिशातलं जाड पाकीट बसताना बाहेर काढा. बसून काम करणाऱ्यांनी अर्ध्या तासाला एकदा उठावं, महागड्या खुर्चीपेक्षा त्याचा उपयोग जास्त. झोपायला फळीवर किंवा जमिनीवर जाण्याची गरज नाही. फार कडक गादीपेक्षा मध्यम कडक गादी कमरेला जास्त मानवते. झोळीसारखी खोल गेलेली बाज मात्र बदला.

विडी-सिगरेट सोडा. गादीच्या कडेचं आधीच तोकडं असलेलं पोषण त्याने आणखी घटतं.

पाचवी तपासणी : बऱ्या दिवसांत काय करता

इथे मला सगळ्यांत जास्त बोलावं लागतं.

अंथरुणात पडून राहणं एक-दोन दिवसांपुरतं. त्यापुढे स्नायू ढिले पडतात आणि बरं व्हायला उलट वेळ लागतो. जमेल तसं घरात चाला. पट्टा जड कामाच्या वेळी, थोडे दिवस. महिनोन्‌महिने बांधून ठेवला तर माणूस कंबर हलवायलाच घाबरतो. मेडिकलमधून परस्पर आणलेल्या डायक्लोफेनॅकसारख्या गोळ्या दोन-तीन दिवसांपलीकडे डॉक्टरांना न विचारता नकोत. रक्तदाब, मूत्रपिंड, पोटातला अल्सर यांपैकी काही असेल तर पहिल्या दिवसापासूनच नकोत. आणि बिननावाच्या पुड्या घेऊन एका दिवसात चमत्कार झाला तर त्यात स्टेरॉइड असण्याची शंका घ्या.

उसण भरली की पायाळू, म्हणजे जन्मताना पाय आधी आलेल्या, माणसाची लाथ घ्यायची, ही आपल्याकडची जुनी रीत. हलक्या स्पर्शाने काही बिघडत नाही, कारण उसण तशीही काही दिवसांत उतरतेच. पण जोरात लाथ, मणके 'बसवणं', पाठीवर उभं राहणं हे नकोच. ज्याच्या पायाची ताकद कमी आहे त्याला, आणि हाडं ठिसूळ झालेल्या आजीला तर अजिबात नको.

आता करायचं काय ते. पहिलं, चालणं. २०२४ मध्ये ऑस्ट्रेलियात सातशेहून अधिक लोकांवर झालेल्या चाचणीत, नुकत्याच बऱ्या झालेल्या लोकांना हळूहळू वाढवत आठवड्यातून पाच दिवस, रोज अर्ध्या तासापर्यंत चालायला लावलं आणि सोबत फिजिओथेरपिस्टचं मार्गदर्शन दिलं. त्यांना दुखणं पुन्हा धरायला मध्यक (म्हणजे रांगेतल्या मधल्या माणसाचा आकडा) २०८ दिवस लागले. ज्यांना काहीच दिलं नव्हतं त्यांना ११२. शेतात दिवसभर राबणं म्हणजे चालणं नव्हे, हे मला रोज सांगावं लागतं. सलग, रिकाम्या हाताने, हात झुलवत चालायचं.

दुसरं, वाकायला शिकणं. झाडूचा दांडा पाठीला लावून धरा, डोक्याचा मागचा भाग, खांद्यांमधली पाठ आणि माकडहाड असे तीन ठिकाणी टेकलेला. आता गुडघे जरासे सैल करून कुल्ले मागे ढकलत पुढे झुका. तिन्हीपैकी एका ठिकाणी दांडा सुटला की थांबा आणि पुन्हा. परवा एका मावशींना करायला लावलं, पहिल्याच झुकण्याला दांडा माकडहाडावरून सुटला. आयुष्यभर त्या कमरेतून वाकत आल्या होत्या. खुर्चीला पाठ करून उभं केलं आणि 'कुल्ल्यांनी खुर्ची मागे ढकला' म्हणून सांगितलं, तर लगेच जमलं.

तिसरं, तळहात आणि गुडघे जमिनीवर टेकून उजवा हात आणि डावा पाय लांब करा, दहा सेकंद थांबा, मग बाजू बदला. कंबर हलता कामा नये. चौथं, कुशीवर कोपर आणि गुडघ्यांवर शरीर उचलून धरणं, दहा सेकंदांपासून सुरुवात. रोज दहा-बारा मिनिटांत हे सगळं होतं. दुखणं गेल्यावर निदान तीन महिने चालू ठेवा, नंतर आठवड्यातून तीन दिवस.

सूर्यनमस्कार घालू का, हे सातारा-सांगलीकडचा माणूस हमखास विचारतो. औंध संस्थानचे राजे पंतप्रतिनिधी यांनी ते गावोगाव, शाळाशाळांत नेले, त्यामुळे घरातल्या आजोबांपासून सगळ्यांना येतात. बऱ्या कमरेसाठी ते उत्तमच. पण वाकून दुखणाऱ्याने उठल्या उठल्या ते घालू नयेत, आणि कळ पायात उतरत असेपर्यंत पुढे वाकण्याच्या स्थिती वगळाव्यात. तालमीतल्या पोरांची कंबर मागे वाकताना, विशेषतः पूल बांधताना (डोकं आणि पाय टेकून धड कमानीसारखं उचलताना), एका बाजूला दुखत असेल तर जोर-बैठका वाढवून ती बसणार नाही. कोवळ्या वयात पाचव्या मणक्याच्या कमानीला बारीक तडा जाऊ शकतो. काही आठवडे थांबून तपासून घ्या, वस्तादांना हे आधी सांगा.

सहावी तपासणी : एक्स-रे आणि एमआरआय

ही शेवटी, कारण पैसे लागतात आणि चुकीच्या वेळी केली तर मनात भीती बसते. एक्स-रे पाहून 'गॅप आलाय' म्हणतात तेव्हा दोन मणक्यांतलं अंतर कमी झालेलं असतं, गादी वयाने बसलेली असते. एमआरआयवर तर निरोगी माणसातही बरंच काही दिसतं. ३,११० जणांच्या, ज्यांना कंबरदुखी नव्हतीच अशांच्या, तपासण्या एकत्र करून २०१५ मध्ये मांडलेला आढावा सांगतो की विशीतच ३७ टक्के लोकांत गादी झिजल्याच्या खुणा असतात आणि ३० टक्क्यांत गादी फुगलेली असते. पन्नाशीत हेच आकडे ८० आणि ६० टक्के. रिपोर्टात 'डिस्क बल्ज' लिहिलं आहे म्हणून तेच दुखण्याचं कारण, असं होत नाही. तुमच्या लक्षणांशी, पायाच्या त्याच नसेशी रिपोर्ट जुळला तरच त्याला अर्थ.

सहा आठवडे नीट उपाय करूनही पायातली कळ कमी होत नसेल, ताकद घटत असेल, किंवा पहिल्या तपासणीतली शंका असेल, तेव्हा एमआरआय कराच. तिथे पैसे वाचवू नका.

डॉक्टर कधी, कोणते

लघवी-शौच, बसण्याच्या जागेची बधिरता, दोन्ही पाय : आजच, रुग्णालय. पाऊल किंवा अंगठा लुळा : दोन-तीन दिवसांत मणक्याचे सर्जन. ताप, उतरतं वजन, रात्रीचं दुखणं, पडल्यानंतरचं दुखणं : या आठवड्यात अस्थिरोगतज्ज्ञ किंवा फिजिशियन. वर्षात दोन-तीनदा धरणारी साधी कंबर : फिजिओथेरपिस्ट, आणि तोही ती दुखत नसताना. दुखत असताना मला फक्त दुखणं कमी करता येतं. ताकद तपासून वाढवायची तर माणूस बऱ्या दिवसांत यावा लागतो.

सर्जनकडे पाठवलं म्हणजे ऑपरेशन ठरलं, असं मानू नका. गादीचा बाहेर आलेला भाग पुष्कळांत काही महिन्यांत आपोआप आक्रसतो, आणि बहुतेकांची कळ सहा ते बारा आठवड्यांत ओसरते. जाताना जुने रिपोर्ट, चालू गोळ्यांची पानं आणि तो दोन दिवसांचा कागद घेऊन जा. पायाची ताकद कोणत्या तारखेपासून कमी झाली ते कागदाच्या वरच्या बाजूला लिहा. ऑपरेशन करायचं की थांबायचं हे ठरवताना डॉक्टर ती तारीख आधी विचारतात.